आमचें भांडें कसें फुटलें

आमच्या वयाच्या गृहस्थानें स्वयंपाकघरांत लुडबुड करूं नये, असें आमच्या मंडळींचें फार जुनें मत आहे. छत्तीस वर्षें आम्हीं मास्तरकी केली. परंतु त्या मताचें खंडन करण्याजोगा एकहि पुरावा आम्हांला आजवर देतां आला नाहीं. उलट गेल्या भाद्रपदांत त्याच्या बाजूचा एक भक्कम पुरावा आम्हीं स्वतःच निर्माण केला. त्याची हकीकत वाचकांच्या, विशेषतः सासरेपदास पोंचलेल्या वाचकांच्या, उपयोगीं पडेल म्हणून येथें देत आहों.

आमच्या घरीं लहानमोठीं मिळून नऊ माणसें. २०२० सालच्या टाळेबंदींत मोलकरणीचें येणें थांबलें आणि खरकट्या भांड्यांचा ढीग उपसतां उपसेना, तेव्हां थोरल्या चिरंजीवांनीं भांडीं घासण्याचें यंत्र, म्हणजे डिशवॉशर, आणलें. आम्हीं प्रथम नाक मुरडलें. पुढें वाचनांत आलें कीं, असें एक यंत्र अमेरिकेंतील जोसेफीन कॉक्रेन या बाईंनीं तयार करून १८८६ सालीं त्याचें पेटंट घेतलें. आणि शिकागोच्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत १८९३ सालीं स्वामी विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनांत बाईंचें यंत्रहि मांडलेलें होतें. हें कळल्यावर आमचा विरोध मावळला. मास्तराला एखाद्या वस्तूचा इतिहास सांगितला, म्हणजे तो ती वस्तु सहन करतो.

तर पितृपक्षांत आमच्या तीर्थरूपांचें श्राद्ध होतें. पंधरा-सोळा पानें झालीं. तांब्यापितळेचीं भांडीं यंत्रांत घालावयाचीं नसतात, तीं मंडळींनीं हातानें घासलीं. स्टीलचीं ताटें-वाट्या धाकट्या सूनबाईंनीं यंत्रांत रचलीं, तोंच बाळ रडूं लागलें म्हणून त्या आंत गेल्या. थोड्याच वेळानें घर निजलें. पहाटे पांचापासून पोरी उभ्या आहेत, निदान यंत्र तरी आपण सुरू करावें, असा सद्विचार आमच्या मनांत आला. यंत्रासाठीं साबणाच्या निराळ्या टॅब्लेट असतात. त्यांचा डबा रिकामा निघाला. सिंकपाशीं मात्र हातानें भांडीं घासण्याच्या हिरव्या पातळ साबणाची बाटली उभी होती. साबणत्व दोन्हीकडे समान, मग भेद कसला? आम्हीं अर्धी वाटी साबण ओतला, बटण दाबलें आणि वामकुक्षीस गेलों.

चारच्या सुमारास घरघरीनें जाग आली. पाहतों तों स्वयंपाकघराच्या फरशीवर पांढरा शुभ्र फेस, यंत्राच्या लहानशा खिडकींत 'ई १५' हीं अक्षरें, आणि आंतून एकसारखा घर्र आवाज. सगळें घर गोळा झालें. "किती वेळां सांगितलं, ताटं अशीं कोंबूं नका म्हणून!" मंडळी कडाडल्या. धाकट्या सूनबाईंचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "चुकलं असेल माझं, आई."

वर्गांत कोणीं कांच फोडली, तर 'ज्यानें फोडली असेल त्यानें उभें राहावें' असें आम्ही छत्तीस वर्षें सांगत आलों. त्या वेळीं आम्ही उभेच होतों. बोललों मात्र नाहीं.

बोलण्याऐवजीं आम्हीं माहितीपुस्तिका शोधून काढली व चष्मा लावून बसलों. 'ई १५' हें एक सूत्रच होय. अक्षरें थोडीं आणि अर्थ मोठा. शिवाय तो अर्थ ज्याच्या त्याच्या शास्त्रापुरता. 'गुण' म्हटलें कीं वैयाकरणाला अ, ए, ओ हे स्वर आठवतात, वैशेषिकाला रूप-रस-गंध आणि सांख्याला सत्त्व-रज-तम. त्याप्रमाणेंच प्रत्येक कंपनीचे संकेत निराळे. एकीची खूण दुसरीच्या पुस्तिकेंत पाहूं नये. आमच्या पुस्तिकेंत अर्थ असा दिला होता कीं, यंत्राच्या तळच्या तबकांत पाणी सांचलें आहे.

त्या तबकांत एक हलका ठोकळा असतो. पाणी सांचलें म्हणजे तो तरंगून वर येतो व एक कळ दाबली जाते. मग घरांत पाणी पसरूं नये म्हणून यंत्र नवें पाणी घेणें थांबवितें आणि उपसा सुरू करतें. परंतु गंमत अशी कीं, तो पंप भांड्यांच्या कप्प्यांतलें पाणी उपसतो. तबकांतल्या पाण्यापर्यंत तो पोंचतच नाहीं. म्हणून यंत्र बिचारें तासन् तास घरघरत राहतें. हें वाचतांना आमच्या मनांत आलें कीं, आपलेंहि हेंच चाललें आहे. पुस्तिका उपसतों आहों. सांचलें आहे तें भलतीकडेच.

उपाय सोपा होता. प्लग काढला, नळाची तोटी बंद केली. सातच्या सुमारास थोरले चिरंजीव कचेरींतून आले, तेव्हां त्यांनीं व नातवानें यंत्र पुढें ओढून कलतें धरलें. तळांतून पाणी वाहूं लागलें. त्याला फेस होता आणि लिंबाचा दरवळ होता. धाकट्या सूनबाई फडकें घेऊन पुसत होत्या. त्यांचा हात थबकला. त्यांनीं सिंकपाशींच्या हिरव्या बाटलीकडे पाहिलें, ती निम्मी झालेली होती. मग एकवार आमच्याकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां त्या पुन्हा पुसूं लागल्या.

त्यांनीं आमचें नांव घेतलें असतें, तर आम्हीं कदाचित् सबबी सांगितल्या असत्या. त्या गप्प राहिल्या, तेव्हां मात्र आम्हांला उभें राहवेना. आम्हीं सर्वांदेखत सांगितलें, "साबण आम्हीं घातला. ताटें बरोबर लावलेलीं होतीं."

नातू खो खो हंसला. मंडळी हंसल्या नाहींत. त्यांनीं सूनबाईंच्या हातांतलें फडकें काढून घेतलें, "जा, बाळाकडे बघ," म्हणाल्या आणि स्वतः पुसावयास बसल्या. मग मान वर न करतां त्यांनीं आम्हांला विचारलें, "चार वाजल्यापासून ठाऊक होतं ना तुम्हांला?"

या प्रश्नाचें उत्तर पुस्तिकेंत नव्हतें. दोष कोठें आहे तें यंत्राचा संकेत सांगतो. कोणाचा तें सांगत नाहीं. तेवढें काम माणसासाठीं राखून ठेवलेलें आहे, आणि त्याला आम्हीं तीन तास लावले.

दुसऱ्या दिवशीं तबक वाळल्यावर खूण आपोआप गेली. उरलेला फेस काढून यंत्र दोन वेळां नुसत्या पाण्यानें चालविलें, आणि तें पूर्ववत् चालूं लागलें. फेसाचें कारण धाकट्या सूनबाईंनींच आम्हांला समजावून दिलें. यंत्रांत भांडीं निघतात तीं गरम पाण्याच्या जोरकस फवाऱ्यांनीं. म्हणून त्याचा साबण मुद्दाम कमी फेसाचा करतात. हातानें घासण्याचा साबण त्या फवाऱ्यांखालीं इतका फेसाळतो कीं, फेस दाराच्या फटींतून बाहेर पडतो आणि त्याचें पाणी तळाशीं सांचतें. साबणत्व समान असलें, तरी भेद होता तो असा.

आतां टॅब्लेटच्या डब्यावर त्यांनीं एक चिठ्ठी चिकटविली आहे: 'संपल्यास हाक मारावी.' अक्षर सुवाच्य आहे.