मेहर सोडायची गरज नाही

उर्दू शाळेत शिकलेल्या मुलींची एक अडचण फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. कोर्टाचा कागद मराठीत येतो, आणि तोही ‘प्रतिवादी’, ‘सबब’, ‘येणेप्रमाणे’ अशा मराठीत. मी मराठीत लिहिते म्हणून मोहल्ल्यातले असे कागद माझ्याकडे येतात. “आपा, जरा पढके बताओ.” मी वकील नाही. वाचून दाखवते, कुठं जायचं ते सांगते, जमलं तर सोबत जाते. इतक्या वर्षांत एक गोष्ट पुन्हापुन्हा पाहिली. नवऱ्यापासून सुटका हवी असलेल्या बाईला सगळे एकच वाट दाखवतात : खुला.

मुलगी तीन-चार वर्षं माहेरी असते. नवरा नांदवत नाही, खर्च देत नाही आणि सोडतही नाही. मग जमातीतले चार बुजुर्ग बसतात. ठरतं, की मुलीनं खुला मागावा. खुला बाईनं मागायचा असतो, पण आपल्याकडच्या रिवाजात त्याला नवऱ्याची मंजुरी लागते. त्या मंजुरीसाठी तिनं मेहर माफ करायचा, बहुतेक वेळा जहेजच्या सामानावरही पाणी सोडायचं. कसूर नवऱ्याचा, भुर्दंड बायकोला. त्यातूनही तो ‘नाही’ म्हणाला, की ती तशीच लटकलेली.

खुला वाईट नाही. दोघांना वेगळं व्हायचं असेल तर तो सभ्य मार्ग आहे. पण जिथं नवरा जबाबदारीच टाळतोय, तिथं दुसरा रस्ता 1939 पासून उघडा आहे. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा त्याच साली आला. नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नसेल, त्यानं दोन वर्षं खर्च दिला नसेल, सबळ कारण नसताना तीन वर्षं नवऱ्याची कर्तव्यं पाळली नसतील, त्याला सात वर्षांची किंवा जास्त कैद झाली असेल, तो क्रूरपणे वागत असेल, तर बायको कोर्टातून विवाहविच्छेद मागू शकते. क्रूरता म्हणजे फक्त मारहाण नव्हे. तिची मालमत्ता परस्पर विकणं किंवा दोन बायकांत कुरआनच्या हुकुमाप्रमाणे बरोबरीनं न वागणं हेही त्यात येतं. इथं नवऱ्याच्या मंजुरीचा प्रश्न नाही. आणि कायद्याचं पाचवं कलम साफ सांगतं, की या विच्छेदामुळे तिच्या मेहरच्या हक्काला बाध येत नाही.

हे सांगितलं की पुढचा सवाल ठरलेला : “कोरट का तलाक शरीयत में चलता क्या?” सवाल रास्त आहे, म्हणून इतिहास सांगावा लागतो. हनफी फिक्हमध्ये बाईला सुटकेची वाट फार अरुंद होती. इतकी, की पंजाबात काही बायका निकाह तुटावा म्हणून दीन सोडू लागल्या. ते पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘अल-हीलतुन नाजिजा’ लिहिलं आणि अशा बाबतीत मालिकी मताचा आधार घेता येतो असं मांडलं. जमियत उलमाच्या पुढाकारातून विधेयक तयार झालं, काझमी साहेबांनी ते मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. निकाल देणारा न्यायाधीश मुसलमान असावा, ही उलमांची अट मात्र कायद्यात राहिली नाही, आणि तिच्यावरून मतभेद झाले. पण कायद्याचा पाया फिक्हमधलाच आहे. कोर्टात जाणारी बाई दीन सोडत नाही. बाईला दीन सोडावा लागू नये म्हणूनच तर हा कायदा झाला.

गंमत अशी, की कोर्टाबाहेरच्या एका वकिलाचं आणि आमच्या मोहल्ल्याचं याबाबत एकमत निघालं. ते म्हणाले, “तुमच्यात तोंडी होतं ना? मग कोर्टात कशाला?” मी कायद्याचं नाव आणि साल कागदावर लिहून पुढं केलं. तेव्हापासून बायकांना सांगते, वकिलाकडे जाताना या कायद्याचं नाव पाठ करून जा.

वकिलाच्या फीची धास्ती बाळगू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण. तिथं अर्ज द्यायचा. 15100 या नंबरावरही विचारता येतं. निकाहनामा, आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि नवऱ्यानं खर्च दिला नाही याचा जो काही पुरावा असेल तो सोबत ठेवा. नेमलेला वकील लक्ष देत नसेल तर त्याच कार्यालयात बदलून मागा. तारखा पडतात, त्या दिवसाची मजुरी बुडते, हे खरं आहे. म्हणून पोटगीचा अर्ज आधी करा. त्यासाठी तलाक झालेला असण्याची गरज नाही, आणि झालेला असला तरी हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं 10 जुलै 2024 च्या निकालात तलाक झालेल्या मुस्लिम बाईचाही हा हक्क मान्य केला आहे. खटला चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते, आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत तिचा निर्णय व्हावा असं कायदाच म्हणतो.

दारुल कझात जाऊ नका असं मी म्हणत नाही. तिथं समजूत पटून घर सावरत असेल तर अल्हमदुलिल्लाह. पण त्या फैसल्यामागे कायद्याची सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलंय. नवरा आलाच नाही, तर त्याला तिथं कोण आणणार?

जमातीच्या बुजुर्गांना एवढीच विनंती : मुलगी समोर बसली की खुल्याचा कागद पुढं करण्याआधी विचारा, खर्च किती दिवस बंद आहे? दोन वर्षं उलटली असतील, तर तिला कोर्टाचा पत्ता द्या. मेहर अल्लाहनं तिला दिलेला हक्क आहे. तो माफ करायला लावणं आपलं काम नव्हे.