सिंहगडावरील मध्यस्थ

सिंहगडाची यात्रा मीं अनेकदां केली. पण गेल्या माघांतील यात्रेचें प्रयोजन निराळें होतें. नातवाच्या नादानें साठी उलटल्यावर मीं सरकारी परीक्षा देऊन हौशी बिनतारीचा परवाना मिळविला होता. त्याच्या मित्रमंडळींनीं रीतसर परवानगी काढून एका दिवसापुरता गडावर ‘रिपीटर’ उभारण्याचें योजिलें, आणि आम्ही आजोबा-नातू पहांटेस डोणज्याच्या वाटेनें निघालों.

गडाच्या उत्तरेस डोणजें, दक्षिणेस कल्याण. पक्ष्यास हें अंतर थोडें; पण मध्यें समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० मीटर उंचीचा गड उभा. हातांतील लहान संचाच्या लहरी बहुतांशीं दृष्टीप्रमाणेंच सरळ जातात. डोंगर आडवा आला कीं खुंटतात. म्हणून माथ्यावर मध्यस्थ बसवावयाचा. तो खालचा आवाज ऐकतो व त्याच क्षणीं अधिक जोरानें पुन्हां प्रक्षेपित करतो. मात्र ज्या वारंवारतेवर ऐकावयाचें तिच्यावरच तो बोलूं लागला, तर स्वतःच्याच आवाजानें बहिरा होईल. यास्तव ऐकण्याची वारंवारता एक व बोलण्याची दुसरी. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या आपल्या पट्ट्यांत या दोहोंमध्यें बहुधा ६०० किलोहर्ट्झ अंतर ठेवतात. तेवढ्यानेंही भागत नाहीं. शिवाय ‘डुप्लेक्सर’ नांवाची धातूच्या नळकांड्यांची चाळण लावावी लागते. खालच्या संचानें बोलण्यासोबत एक मंद स्वरही पाठवावयाचा. ती जणूं द्वारपालास पटवावयाची खूण. माझ्या संचावर हा स्वर दोनदां चुकला व मध्यस्थ मुकाच राहिला. तिसऱ्या खेपेस डोणज्याहून स्पष्ट उत्तर आलें, तेव्हां मला कोण आनंद झाला!

त्याच आनंदांत मी कल्याण दरवाजापाशीं जाऊन बसलों. समोर राजगड व तोरणा स्वच्छ दिसत होते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं गड घेतल्यावर मावळ्यांनीं पेटविलेला जाळ राजगडावरून महाराजांनीं पाहिला, अशी कथा आहे. माझ्यांतला मास्तर जागा झाला. बटण दाबून मीं ती कथा डोणज्याच्या मुलांस सांगावयास आरंभ केला. तीन मिनिटांनीं रिपीटर एकाएकीं गप्प झाला. अतिभाषी माणसासाठीं त्यांत घड्याळ असतें, हें मीं परीक्षेपुरतें पाठ केलें होतें! तोंच नातू धांवत आला. “आजोबा, बटण सोडा!”

बटण सोडतांच कल्याणच्या वाटेवरून एका मुलाचा घाबरा आवाज आला. त्याच्या सोबत्याचा पाय मुरगळला होता. उभेंही राहवत नव्हतें. तेथें भ्रमणध्वनि लागत नव्हता. तो पोर केव्हांपासून हांका मारीत होता आणि माझ्या कथेखालीं त्या दडपल्या जात होत्या. जुन्या इशाऱ्याचें वर्णन करतांना मीं नवा इशारा अडविला होता!

गडावरून चौघे डोली घेऊन उतरले. डोणज्याहून मोटार वळसा घालून कल्याणास निघाली. दोन्ही बाजूंचीं माणसें त्या मध्यस्थाच्या द्वारेंच परस्परांशीं बोलत होतीं. मी एकही शब्द उच्चारला नाहीं. हाड मोडलें नसल्याचें सायंकाळीं कळलें, तेव्हां कोठें जीव भांड्यांत पडला.

उतरतांना नातू मला एका शब्दानेंही बोलला नाहीं. तेंच अधिक लागलें. आतां मी आधीं ऐकतों, थोडक्यांत बोलतों आणि दुसऱ्याचें संपल्यावर क्षणभर थांबतों. न जाणो, त्या क्षणांत कोणाची हांक यावयाची असेल! पस्तीस वर्षें वर्गांत ‘आधीं ऐका’ म्हणून मुलांस दटावीत आलों. तो धडा माझाच कच्चा राहिला होता.