उंदीर, अण्णांची पेटी आणि मी

नेऱ्याच्या घरी हॉलचा पंखा बंद पडला, असा आईचा फोन आला तो दिवाळीनंतरच्या शुक्रवारी. "घाई नाही रे, थंडी पडायला लागलीच आहे," असंही तिने जोडलं. आमच्या आईच्या भाषेत याचा अर्थ उद्या ये.

पनवेलहून मालडुंग्याच्या रस्त्याने निघालं की सुकापूर मागे पडतं आणि मग नेरे. शांतिवनामुळे बऱ्याच जणांना नाव तरी ठाऊक असतं. अण्णांनी तिथे कौलारू घर बांधलं तेव्हा चहूबाजूंनी भातशेती होती. आता बरीचशी इमारतींखाली गेली, पण आमच्या मागची दोन-चार खाचरं अजून आहेत. भात कापून झालं की तिथले उंदीर उघड्यावर पडतात आणि सरळ आमच्या माळ्यावर येतात. दरवर्षीचा कार्यक्रम आहे हा. (आई सगळा दोष चिचुंद्रीला देते. ती बिचारी किडे खाते, वायरीला तोंडही लावत नाही. पण आईला कोण सांगणार?)

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. त्यात वायर म्हणजे मऊ, गोल आणि दातात बरोब्बर बसणारी वस्तू.

आमच्या अण्णांनी आयुष्यात वायरमन बोलावला नाही. जुनी लाकडी पट्टीवरची वायरिंग, चिनी मातीचे फ्यूज, आणि त्यांची ती पत्र्याची पेटी. त्यात टेस्टर, पक्कड, काळी टेप, फ्यूजची तार. दिवे गेले की आम्ही पोरं बॅटरी धरून उभे राहायचो आणि अण्णा दोन मिनिटांत उजेड करायचे. तो माणूस आम्हाला त्या वयात देवच वाटायचा. तेव्हा त्यांच्या पश्चात पंखा बंद पडल्यावर मी वायरमनला फोन करणं म्हणजे... तुम्हाला कळलं असेल.

शनिवारी मेन स्विच बंद केला. फ्रिजची घरघर थांबली. स्वयंपाकघरातल्या प्लगात टेस्टर घालून पाहिला, दिवा लागला नाही. एवढी काळजी घेऊन मी शिडी चढलो. खाली आई शिडी धरून. माळ्यावर लेंड्या आणि गोणपाटाच्या चिंध्या, आणि पंख्याची वायर कुरतडून तुटलेली, तांबं उघडं. मी ती उचलली.

हात कोपरापर्यंत कुणीतरी पिरगाळल्यासारखा झाला आणि डोकं वाशावर आपटलं. शिडी लाकडी होती, पायात रबरी स्लिपर होत्या, आणि हात आपोआप झटकला गेला. वाचलो ते यामुळे. माझ्या हुशारीचा त्यात काही वाटा नाही.

"काय झालं रे?"

"काही नाही. उंदीर दिसला."

झालं होतं असं की घरात इन्व्हर्टर आहे. पावसाळ्यात तिथे दिवे जातात म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच बसवून घेतला. मेन बंद केल्यावर त्याने इमानदारीने बॅटरीवरून दिवे-पंख्यांच्या लाइनीला पुरवठा सुरू केला. तोच 230 व्होल्टचा. फ्रिज आणि प्लग त्याच्यावर नाहीत, म्हणून ते मेले. दिवसाउजेडी दिवा एकही लागलेला नव्हता, त्यामुळे कळायला मार्गच नाही. टेस्टर मी चुकीच्या जागी लावला. जी वायर हातात घ्यायची, तिलाच लावायला हवा होता.

आता खरी लाजेची गोष्ट. एवढं होऊनही मी खाली उतरलो, इन्व्हर्टर बंद केला, पुन्हा वर गेलो आणि दोन टोकांना पीळ देऊन वर टेप गुंडाळली. पंखा फिरला. आई म्हणाली, "अगदी अण्णांसारखा आहेस हो." मला तेवढंच हवं होतं.

रात्री मात्र झोप येईना. त्याच पंख्याकडे बघत पडलो होतो. पिळाचा जोड सैल राहिला तर तापतो. वर गोणपाट आणि वाळकं लाकूड. आणि मी तर सोमवारी पुण्याला, खाली आई एकटी.

रविवारी सकाळी वायरमन आला. आयटीआय झालेला, पंचविशीचा असेल. आल्या आल्या त्याचा पहिला प्रश्न, "काका, इन्व्हर्टर कुठंय?" मी गप्प.

त्याने माझी टेप काढली, काही बोलला नाही. (बोलला असता तर बरं वाटलं असतं.) हातभर पुढे वायर आणखी एका जागी अर्धी कुरतडलेली निघाली. ती मी पाहिलीच नव्हती. मग त्याने होल्डरमधला बल्ब काढून प्रत्येक प्लगवर धरला. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लागला. फेज आणि अर्थिंगमध्ये बाकी सगळीकडे लागला, गीझरच्या प्लगावर नाही. माळ्यावरची ती हिरवी वायर उंदराने साफ तोडली होती.

फेज तुटली की पंखा बंद पडतो, आपल्याला कळतं. अर्थिंग तुटलं तर काहीच बंद पडत नाही. गीझर तापतो, पाणी गरम येतं, सगळं छान चालू असतं. फक्त ज्या दिवशी आतून करंट बाहेरच्या पत्र्यावर येईल, त्या दिवशी त्याला जायला वाट नसते. आई किती दिवस त्या गीझरच्या पाण्याने आंघोळ करत होती, देव जाणे.

कायदाही मी नंतर वाचला. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलायला आपल्याला मुभा आहे. वायरिंगच्या दुरुस्तीला परवानाधारक ठेकेदार आणि प्रमाणपत्र असलेला देखरेखीचा माणूस लागतो. म्हणजे अण्णा फ्यूजची तार बदलत होते ते नियमातच बसत होतं! त्यांची वायरिंगही भिंतीवर उघडी, डोळ्यासमोर होती. इन्व्हर्टर नव्हता, गीझर नव्हता. बंबावर पाणी तापायचं. आणि अण्णा तुटलेल्या वायरीला पीळ देऊन माळ्यावर सोडून गेले असते का? मला तरी आठवत नाही त्यांनी असं केल्याचं.

दोन दिवस काम चाललं. मी रजा वाढवली. माळ्यावरच्या वायरी बदलून पाइपातून नेल्या, कौलांखालच्या फटी जाळी आणि सिमेंटने बुजवल्या, आणि मेनजवळ 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवला. आधीचे एमसीबी वायर जळू नये म्हणून असतात, माणूस चिकटला तर त्यांना पत्ताही लागत नाही. हे मी इंजिनिअर असून मला त्या पोराने समजावलं. माळा साफ करताना त्याने आधी पाणी शिंपडलं आणि हातमोजे घातले. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, हे कोकणपट्टीत वेगळं सांगायला नको.

अण्णांची पेटी मी परत कपाटावर ठेवली. टेस्टर तेवढा खाली काढून आईच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

शॉकचं आईला अजून सांगितलेलं नाही. पण धाकटी मावशी हे वाचतेच, तेव्हा संध्याकाळपर्यंत नेऱ्याहून फोन येईल. मावशी, निदान जेवणं झाल्यावर सांग.