आडनाव का जी तुमचं?

नागऱ्याहून गोंदियाच्या राइस मिलला मी सायकलनं जातो. रात्रपाळी सुटली की डोळ्यांत कोंडा न् झोप दोन्ही. एकदा ट्रकखाली येता येता वाचलो, तेव्हापासून मिलजवळ खोली शोधू लागलो.

दलाल फोनवर गोड बोलला. खोली दाखवली, नळ सोडून दाखवला. दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी, तीही सांगितली. मी बयाणा त्याच्या हातात ठेवला. तेव्हा त्यानं विचारलं, "आडनाव का जी तुमचं?"

सांगितलं.

बयाणा माझ्या हातात परत आला. "मालकाले विचारून सांगतो." संध्याकाळी फोन आला, मालकाचा भाचा राहायला येतोय. आठ दिवसांनी तिकडून गेलो तर पाटी तशीच लटकलेली : खोली भाड्याने देणे आहे.

दोस्तहो, 1917 साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले, तर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. मला काठी कोणी दाखवली नाही. भाचा दाखवला.

राग आला न् कायदा वाचत बसलो. जेवणाच्या सुट्टीत, मोबाईलवर, अडत अडत. आधी 2016 चा रेरा. दलालानं नोंदणी करावी, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट विकू नये, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या, खोटी बतावणी करू नये. बरं आहे. पण हे सगळं विक्रीचं. भाड्याची खोली दाखवणारा त्यात बसतच नाही. न् आडनावाबद्दल तर त्यात मला एक ओळ सापडली नाही.

मग जुना सापडला, 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा. कलम 4 : कोणत्याही वस्तीत राहायचं घर घ्यायला, बांधायला, वापरायला अस्पृश्यतेवरून अडवलं तर एक ते सहा महिने कैद, वर दंड. दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये. दलालीहून कमी! पण कलम 10 पाहा : गुन्ह्याला साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा. म्हणजे मालक पडद्यामागं बसला तरी दलाल सुटत नाही. कलम 12 : अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असं घडलं तर ते अस्पृश्यतेवरूनच घडलं असं कोर्ट धरून चालतं, तसं नाही हे समोरच्यानं सिद्ध करायचं. कोणी म्हणालं, तुम्ही बौद्ध, तुम्हाला अनुसूचित जातीचं काय, तर 1990 ची दुरुस्ती त्याच्यापुढं ठेवा.

झेरॉक्स घेऊन दलालाकडे गेलो. त्यानं कागद वाचला, खुर्ची पुढं केली.

"अजी, मी कुठं जात काढली? आडनावच तं विचारलं."

"मालकाचं आडनाव सांगा मग."

त्यानं चहा मागवला. मी घेतला नाही.

पाटीचा फोटो काढलाय. तारखा न् बोलणं कवितांच्या वहीत लिहून ठेवलंय, दुसरी वही नव्हती. सोमवारी दिवसपाळी नाही, ठाण्यात जातोय. अकरा वाजता. सोबत कोण कोण येता?