जिन्यातला उष्मा

ग्वाल्हेरचे ज्येष्ठातले ऊन आपणांस नवे नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लष्कर उभे राहिले, तेव्हापासून आपल्या पूर्वजांनी ते जाड भिंती आणि वाळ्याचे पडदे यांवर निभावले. दर्पण कॉलनीतील आमच्या घराला तशा भिंती नाहीत. म्हणून तेच ऊन आम्ही गच्चीवर सोलर पॅनल मांडून कामाला लावले. रात्री वीज गेली तरी आईचे प्राणवायूचे यंत्र थांबता कामा नये.

गेल्या मे महिन्यात जिन्यातला चार्ज कंट्रोलर भर दुपारी तापून आपणहून बंद पडू लागला. सायंकाळी पाहावे तो बॅटरी अर्धीच भरलेली. बसवणाऱ्या कारागिराचे मत, "उन्हाळा आहे, तापणारच." आम्हांस ते पटले नाही. पाठीवरचे धातूचे पंख सर्वत्र सारखे तापले, तर तो यंत्राचा स्वभाव. हजार वॅट पुढे पाठवताना थोडी उष्णता व्हायचीच. एकच टोक शेजाऱ्यांहून अधिक तापले, तर मात्र तो रोग. येथे बॅटरीकडे जाणाऱ्या तारेचे लाल वेष्टन तपकिरी व ठिसूळ झाले होते.

आधी पॅनलची, मग बॅटरीची जोडणी तोडली. हा क्रम उलटू नये. पेचकस (इकडे आपण स्क्रू ड्रायव्हर म्हणतोच कुठे?) लावताच स्क्रू विनासायास अर्धा वेढा फिरला. २४ व्होल्टच्या बॅटरीकडे दुपारी सुमारे ४० अँपिअर प्रवाह जातो. सैल जोडाचा रोध ०.०१ ओहम धरला, तरी तेवढ्याशा जागी १६ वॅट उष्णता! दिवसा तापून फुगणे, रात्री निवून आकसणे, यात स्क्रू सैल होतात. जळके टोक छाटून लखलखीत तांब्यावर थिंबल दाबली, स्क्रू आवळला. जोडताना बॅटरी आधी, पॅनल नंतर.

दुसरा दोष शोभेचा. यंत्र दिसू नये म्हणून ते प्लायवूडच्या कपाटात कोंडले होते. केरळात २०१७ साली 'आदित्य' ही सौर नाव उतारू नेऊ लागली. नाव असो वा जिना, बंद कप्प्यातल्या यंत्राला वारा लागतोच. कपाट काढून यंत्र थेट भिंतीवर, पंख उभे राहतील असे, वर-खाली वीतभर जागा सोडून बसवले. दुसऱ्या दिवशी तसेच ऊन असूनही चारच्या आत बॅटरी भरली.

खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा होते. त्याच सकाळी सर्व स्क्रू तपासायचे ठरवले आहे. दुसरी वेळ चैत्रात, ऊन चढण्यापूर्वी.