रंग उडाल्यानंतरची तपासणी

टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनोभुकटी रंगाच्या पाण्यात ढवळत ठेवून तिच्यावर अतिनील प्रकाश टाकला, की रंगाचे रेणू तुटू लागतात. या पदार्थाच्या अ‍ॅनाटेज रूपात इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर जायला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. म्हणून प्रकाशाची तरंगलांबी साधारण ३८८ नॅनोमीटरहून कमी हवी. इलेक्ट्रॉन उठला की मागे धनभारित रिकामी जागा उरते. ती पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक घडवते, तर इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो. मात्र बहुतेक जोड्या त्याआधीच पुन्हा एकत्र येतात आणि ऊर्जा वाया जाते. कण बारीक असला, तर पृष्ठभागापर्यंतची वाट छोटी होते. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये याच पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाशाने पाण्याचे विघटन दाखवले आणि या विषयाकडे जगाचे लक्ष गेले.

प्रयोगाचे कसब दिवा लावण्याआधीच सुरू होते. मिथिलीन ब्लूच्या द्रावणात भुकटी टाकली की काही रंग नुसताच कणांना चिकटतो. म्हणून मिश्रण आधी अर्धा तास अंधारात ढवळतात आणि तिथून पुढची घटच प्रकाशाच्या खाती धरतात. सामूही पाहावा लागतो. मिथिलीन ब्लू धनभारित असल्याने आम्लधर्मी पाण्यात धनभारित झालेले कण त्याला दूर ढकलतात. भुकटी जास्त टाकून काम वेगाने होईलच असे नाही. गढूळ पाण्यात प्रकाश आत शिरत नाही. भुकटीविना, नुसत्या प्रकाशातली चाचणी तर टाळूच नये, कारण हा रंग प्रकाशात आपोआपही थोडा विटतो.

ठरावीक वेळाने काढलेला नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ६६४ नॅनोमीटरला शोषण मोजतात. ते शून्यावर आले की काम फत्ते झाल्यासारखे वाटते, आणि इथेच सर्वाधिक फसगत होते. मिथिलीन ब्लूचे क्षपण झाले तर त्याचे रंगहीन रूप बनते. हवा लागताच निळा रंग परत येतो. अ‍ॅझो रंगांत नायट्रोजनचा दुहेरी बंध तुटला की रंग जातो, पण बेंझिनची कडी तशीच राहू शकते. त्यातून येणारी काही अमाइन मूळ रंगापेक्षाही घातक असतात. म्हणून पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्याशिवाय ‘विघटन’ हा शब्द वापरणे गैर आहे.

सूर्यप्रकाशात अतिनील वाटा जेमतेम ४-५ टक्के असतो. त्यामुळे दृश्य प्रकाशात चालणारे पदार्थ शोधले जातात; २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे ग्राफिटिक कार्बन नायट्राइड हे त्यांपैकी एक. पण रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन कणाला देऊ शकतो, मग श्रेय पदार्थाला कसे द्यावे? फिनॉलसारख्या रंगहीन प्रदूषकावर तोच प्रयोग केला की खरे काय ते कळते.

इचलकरंजीसारख्या कापड-प्रक्रियेच्या गावात सुती कापडाच्या रंगाईनंतर उरणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न आणखी अवघड. प्रतिक्रियाशील रंगांसोबत त्यात मीठ आणि सोडाही येतो. क्लोराइड व कार्बोनेट आयन हायड्रॉक्सिल मूलकांना मध्येच गिळतात. शिवाय भुकटी पाण्यातून परत काढावी लागते, अन्यथा तीच नवे प्रदूषण ठरते. काचेवर वा मण्यांवर ती पक्की बसवता येते, पण मग पृष्ठभाग कमी मिळून वेग घटतो.