मागची ट्रॉली

हुपरीला चांदी बघायला निघालेला माणूस परत येऊन उसाच्या ट्रॉल्यांविषयीच बोलत बसला, तर दोष गळीत हंगामाचा. जानेवारीत कोल्हापूरहून उचगाव, गडमुडशिंगी, वसगडे, पट्टणकोडोली या वाटेनं सायकलवर जायचं म्हणजे उसाच्या मिरवणुकीत सामील व्हायचं. पुढं ट्रॉली, मागं ट्रॉली, समोरून रिकामी परतणारी ट्रॉली. यातली रिकामी सगळ्यांत वाईट. भरलेल्या ट्रॅक्टरला वजनाचा तरी धाक असतो. रिकाम्या ट्रॉल्या खड्ड्यांवरून उड्या मारत, फाळके आपटत येतात. त्यात प्रत्येक ट्रॅक्टरवर स्पीकर. गाण्यांच्या निवडीविषयी माझी तक्रार आहेच, पण ती इथं नको. ज्याच्या कानाशी एवढा आवाज चाललाय त्याला सायकलची घंटी कुठून ऐकू येणार, एवढंच म्हणणं आहे.

पट्टणकोडोलीत विठ्ठल-बिरदेवाच्या देवळात डोकावलो, चहा घेतला आणि हुपरी गाठली.

हुपरीत दुकानांपेक्षा घरं बघावीत. इथलं पैंजण एका छताखाली तयारच होत नाही. एका घरात चांदी आटवतात, दुसऱ्या घरात तार ओढतात, तिसरीकडे कड्या जोडतात, चौथीकडे बायका घुंगरं बसवत असतात. मग डाग देणं, उजळणं, पॉलिश. कुणाच्या पायात पडण्याआधी ते गावभर हिंडून आलेलं असतं. राजकोट, आग्रा आणि सेलमशी स्पर्धा करणारा हा धंदा असा गल्लीबोळांतून चालतो. जमिनीवरची धूळसुद्धा कुणी टाकत नाही, कारण तिच्यात चांदीचे कण असतात आणि ते काढणारे झारेकरी वेगळे. एका म्हाताऱ्या कारागिराच्या दारात बराच वेळ बसलो. माझी सायकल बघून ते म्हणाले, पूर्वी माल इकडून तिकडं सायकलवरच जायचा, हँडलला पिशवी अडकवून. आता त्यांची सायकल माळ्यावर आहे. गुडघे शाबूत आहेत, पण पोरांनी सोडायला लावली. "रस्ता आपला ऱ्हायला न्हाई," एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी झाल्यापासून या भागातल्या रस्त्यांवर कंटेनर आणि कामगारांच्या बसगाड्या आल्या. हंगामात त्यात उसाची भर. रुंदी वाढली तिथं वेग वाढला. साइडपट्टी मात्र आहे तशीच, डांबराच्या चार बोटं खाली.

तर त्या साइडपट्टीवर मी कसा उतरलो, ते सांगायचंय.

गावाबाहेर पडून कागलच्या दिशेनं निघालो होतो. एका डाव्या वळणावर मागून ट्रॅक्टर आला. इंजिन गेलं, पहिली ट्रॉली गेली, हातभर अंतर ठेवून गेली. सुटलो म्हणून श्वास सोडतोय तोवर दुसरी ट्रॉली आत यायला लागली. तिची चाकं पहिलीच्या चाकोरीतून चाललीच नव्हती. वळणावर ती आतली, जवळची वाट धरते आणि जिथं आपण सुरक्षित आहोत असं वाटतं तिथूनच जाते. बाहेर लोंबणारं उसाचं वाढं खांद्याला घासलं. सायकलसकट डांबर सोडलं, साइडपट्टी ओलांडली आणि शेताच्या बांधाला टेकलो. पडलो नाही. ट्रॅक्टर गाणं वाजवत निघून गेला.

शिव्या द्यायला माणूस समोर असणं ही चैन सहसा मिळत नाही. मला ती थोड्याच वेळात मिळाली. या पट्ट्यात कारखान्यांची कमतरता नाही, त्यामुळे रांगांचीही नाही. अशाच एका रांगेच्या शेपटीला तोच ट्रॅक्टर उभा. ओळखू आला तो गाण्यावरून. चालक पंचविशीचा, डोक्याला टॉवेल, टपावरून उतरून टपरीकडं निघालेला.

"मघाचं सायकलवालं तुमीच न्हवं?" त्यानंच आधी विचारलं.

"म्हणजे दिसलो होतो?"

"फुडं हुतासा तवर दिसलासा. शेजारी आल्यावर कशाला दिसताय? वर बसून बगा."

मी बसलो. त्याच्या जोडीदारानं माझी सायकल घेतली आणि हौसेनं ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूनं मागं चालत गेला. इंजिनाच्या बाजूला असेपर्यंत पोरगा अर्धा दिसत होता. पहिल्या ट्रॉलीपाशी पोचला आणि नाहीसा झाला. आरसा होता, पण आरशात ऊसच ऊस; मोळ्या बाजूंनी इतक्या बाहेर आलेल्या की त्यांच्याआड माणूस, सायकल, एखादी रिक्षासुद्धा मावेल. उजवीकडचा आरसा नव्हताच. मागच्या ट्रॉलीचा तर एक कोपराही त्या सीटवरून दिसेना. मान वळवून, उठून, वाकून पाहिलं. पोरगा लांबून ओरडला तेव्हा कळलं की तो पार मागं पोचलाय.

"फुडची ट्रॉली आरशात, मागची अंदाजानं," चालक खालून म्हणाला. त्याच्या बोलण्यात फुशारकी नव्हती आणि लाजही नव्हती.

"दिसत नाही तर वळणावर सायकलला ओलांडू नये."

"मग तुमच्या मागनं कारखान्यापतोर यायचं व्हय?"

"वळण संपेपर्यंत."

त्यानं चहा मागवला, दोन. मग हिशेब सांगायला लागला आणि तो ऐकण्यासारखा होता. पैसे खेपेवर. फडात मजुरांनी ऊस भरायला किती वेळ घ्यायचा, ते त्याच्या हातात नाही. काट्यावर नंबर कधी लागेल, गव्हाणीपाशी गाडी कधी रिकामी होईल, तेही नाही. रात्रीच्या रात्री तो रांगेत काढतो. त्याच्या हातात उरतो तो रस्ता. वाया गेलेला वेळ भरून काढायची तेवढी एकच जागा. झोप? ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून, रांग हलेपर्यंत. वीस टनांच्या वर ऊस, दोन ट्रॉल्या आणि अर्धवट झोपलेला एक माणूस, अशी ती गाडी असते.

मला त्याची दया आली, हे खरं. पण बांधाला टेकलेली सायकलही मी विसरलो नव्हतो. ज्याला आपल्या गाडीचा अर्धा भाग दिसत नाही, त्यानं न दिसणाऱ्या भागाची जबाबदारी जास्त घ्यावी की कमी, यावर आमचं एकमत झालं नाही. त्याचं म्हणणं, सायकलवाल्यानं मोठ्या गाडीला बघून स्वतःच खाली उतरावं. हे म्हणणं त्याच्या एकट्याचं नाही. कोल्हापुरात चारचाकीवाले सुशिक्षित मित्रही हेच म्हणतात, फक्त शुद्ध भाषेत.

"आणि कुणाला धक्का लागला तर?"

"थांबलो तर मार, पळालो तर केस."

गंमत अशी की आपल्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं 134 वं कलम सांगतं की अपघातानंतर चालकानं जखमीला दवाखान्यात न्यावं, मात्र जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर सूट. पळणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमात दुसरं पोटकलम घातलं गेलं: निष्काळजी गाडीनं कुणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना न कळवता पसार झाला, तर 10 वर्षांपर्यंत कैद. जानेवारी 2024 च्या सुरुवातीला देशभरातले ट्रकचालक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. 1 जुलै 2024 ला नवी संहिता लागू झाली ती हे पोटकलम बाजूला ठेवून. भरपाईच्या बाबतीत मात्र मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं एक शहाणपणाची गोष्ट केली. 164 व्या कलमाखाली मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात आणि त्यासाठी चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. भरपाईचा असाच विचार नेदरलँड्समध्येही दिसतो. तिथं 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेवर मुलं होती; त्यानंतर आईबापांनी रस्ते अडवले. सायकलला मोटारीनं धडक दिली तर भरपाईचा भार मुळात मोटारवाल्यावर, हे तत्त्व तिथल्या कायद्यात पक्कं आहे. तिथली मोटार चालवणारा माणूस घरी गेल्यावर सायकलही चालवतो, हा भाग वेगळा.

यातलं काही मी टपरीवर बोललो. चालकानं ऐकून घेतलं आणि माझ्या सायकलच्या मागच्या लुकलुकणाऱ्या दिव्याची किंमत विचारली. सांगितली. दोन ट्रॉल्यांना किती लागतील, याचा त्यानं बोटांवर हिशेब केला. त्याच्या मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता, हंगामाच्या तोंडाला लावलेला. त्यावर आता चिखलाचा थर होता आणि वरून पाचट लोंबत होतं. जोडीदारानं तो टॉवेलनं पुसला. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून आदळणारे दुचाकीवाले दर हंगामात असतात, त्यामुळे हा दोन मिनिटांचा उद्योग मला त्या दिवसातला सर्वांत उपयोगाचा वाटला. मग रांग हलली, दोघंही चहा अर्धा टाकून पळाले.

कागलला पुणे-बंगळूर महामार्ग लागतो आणि माझा स्वभाव बिघडतो. इथं दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर मोटारींना ताशी 100 ची मर्यादा आहे, 2018 पासून. शंभराच्या वेगात मोटार सेकंदाला 28 मीटर जाते. फोनवरचा निरोप वाचायला दोन सेकंद घेतले तर पन्नासहून जास्त मीटर ती कुणीच चालवत नसतं. देशात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली. त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंपुढं सरकारी अहवालानं अतिवेग हे कारण लिहिलंय. डाव्या कडेनं जावं तर तिथून उलट्या दिशेनं मोटारसायकली येतात, हसत.

अशा वेळी अवतार सैनी आठवतात. इंटेलच्या 386 आणि 486 प्रोसेसरांवर काम केलेला, पेंटियमच्या रचनेत पुढं असलेला हा अभियंता. 28 फेब्रुवारी 2024 च्या पहाटे नेरूळमध्ये पाम बीच रस्त्यावर सोबत्यांबरोबर सायकल चालवत असताना मागून आलेल्या टॅक्सीची धडक बसून ते गेले. वय 68. पहाटेचा मोकळा रस्ता सायकलीला सुरक्षित, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत असतो. मोकळा रस्ता वेगालाही तितकाच आवडतो.

जर्मनीत 2020 पासून सायकलला ओलांडताना गावात दीड आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडावं लागतं. कागल ते निपाणी मी मनातल्या मनात मापं घेत गेलो. एसटी बरी. पांढऱ्या, उंच, काळ्या काचांच्या गाड्या सर्वांत वाईट. त्यांच्याविषयीचं माझं मत पूर्वीपासूनच वाईट आहे आणि या प्रवासानं ते सुधारलं नाही.

निपाणीचा मुक्काम, पुढं संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोलीचं धुकं, सगळं छान झालं. त्यातला तवंदी घाट तेवढा सांगतो. चढावर माझा वेग चालण्याइतका. मागं तमिळनाडूचा एक कंटेनर आला आणि उजवीकडची रांग मोकळी होईना म्हणून माझ्या मागंच राहिला, दोन्हीकडचे पिवळे दिवे लुकलुकवत. चढावर त्याचाही वेग फार नव्हता, हे मान्य. पण त्याच्या मागच्या मोटारी हॉर्न वाजवून वाजवून थकल्या तरी तो अंगावर आला नाही. उजवीकडची रांग रिकामी झाल्यावर त्यानं अख्खी रांग बदलली, मला ओलांडलं आणि खिडकीतून बाहेर पानाची सणसणीत पिचकारी मारून पुढं गेला. पिचकारीही उजवीकडं.